भाऊंचा ओन गोल आणि माझा नारळ

आमच्या ब्लॉकमागच्या मोकळ्या जागेत मंडप पडला की समजायचं, चिन्यांचा सातवा महिना, म्हणजे त्यांचा पितृपक्ष, लागला. लोखंडी पिंपात कागदाच्या नोटा, कागदाचे शर्ट, कागदाचे बूट जळायला लागतात आणि त्यांचा धूर माझ्या स्वयंपाकघरापर्यंत येतो. संध्याकाळी स्टेजवर गाणी होतात. बघायला सिंगापुरातलं आमचं सगळं सेरंगून लोटतं, पण खुर्च्यांची पहिली रांग रिकामी ठेवलेली असते. ती भुतांची. इतकी वर्षं झाली, पण भाजी घेऊन घरी येताना मी त्या रांगेकडे अजूनही बघत नाही.

याच दिवसांत इंग्लंडातला फुटबॉलचा हंगाम सुरू होतो आणि खालच्या कॉफी शॉपमधल्या टीव्हीचा आवाज वाढतो. याच दिवसांत आपली नारळी पौर्णिमा येते. धूर, फुटबॉल आणि नारळ, तिन्ही एकदम येतात. यंदा तर हॉलमध्ये मोठी निळी बॅग उघडी पडली आहे. सुधीर तिला वळसा घालून बाल्कनीत जातो, वळसा घालून परत येतो, आणि मी विचारलं की म्हणतो, "काही नाही, हवा बघतोय." सगळा जन्म बोटीच्या इंजिनाशी काढलेला माणूस हवा बघायला लागला की बायको काय समजायचं ते समजते.

मला ते दोन हजार आठ साल आठवतं. तेव्हाही बॅग अशीच उघडी होती आणि तीत सुधीरचे इंजिनरूममधले बॉयलर सूट होते.

सुधीर तेव्हा चीफ इंजिनियर होता, सायली दहा वर्षांची होती आणि मी रॅफल्स प्लेसला एका फर्ममध्ये ऑडिटर. शंका घेणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. घरातला चौथा माणूस म्हणजे भाऊ. भाऊ आमचे कुणी नव्हते. ते फ्रान्सचे, इंग्लंडातल्या एका क्लबात डिफेंडर. नाव लांबलचक, शेवटची दोन-तीन अक्षरं लिहायची पण म्हणायची नाहीत असल्या जातीचं. सुधीरने पहिल्याच मॅचला हात टेकले आणि म्हणाला, "जाऊ दे, आपण यांना भाऊ म्हणू." तेव्हापासून ते भाऊ. टीव्हीवरचा गोरा कॉमेंटेटर ओरडून त्यांचं नाव घ्यायचा आणि सायली आतून विचारायची, "आई, भाऊ प्लेइंग अ?"

भाऊंची गोष्ट सुधीरने मला इतक्यांदा सांगितली होती की त्यांच्या सख्ख्या आईलाही एवढी पाठ नसेल. उत्तरेकडच्या कुठल्याशा मासेमारी बंदरातला पोरगा. मोठ्या क्लबच्या शाळेत घेतला, आणि मिसरूड फुटायच्या वयात पाय जड आहेत म्हणून घरी पाठवला. मग वर्षानुवर्षं दुसऱ्या दर्जाच्या संघांत चिखल तुडवला. इंग्लंडात आले तेव्हा तिशीकडे झुकले होते आणि विमानतळावर न्यायला क्लबचा ड्रायव्हर सोडला तर कुणी नव्हतं. गोल करणाऱ्यांच्या मागे जग धावतं. अडवणाऱ्याला कोण विचारतो? पण हळूहळू विचारायला लागले. लोकांच्या लक्षात आलं की हे गृहस्थ मैदानात असले की काही घडत नाही. इतकी वर्षं पाय जड म्हणून हिणवलेला माणूस सिंगापुरातल्या बस स्टॉपवरच्या जाहिरातीत झळकला. सेरंगूनच्या पसार मालममध्ये, म्हणजे संध्याकाळच्या फिरत्या बाजारात, त्यांच्या नावाचे नकली शर्ट टांगलेले मी पाहिले आहेत. डिफेंडरच्या नावाचा नकली शर्ट निघणं ही खरी कीर्ती, असं सुधीरचं मत.

एकदा तो क्लब इथे पाहुणा म्हणून खेळायला आला होता, कलांगच्या जुन्या स्टेडियमवर. बापलेक दोघं गेली होती. उकाड्याने भाऊंचं तोंड शिजलेल्या कुर्लीसारखं लाल झालं होतं म्हणे. बाकीचे खेळाडू आत निघून गेले आणि हे सबंध मैदानाला फेरी मारून, कुंपणापाशी थांबून, पोरांना सह्या देत राहिले. सायलीच्या शर्टाच्या बाहीवर त्यांनी एक रेघोटी ओढली होती. तो शर्ट नंतर कधी धुतला गेला नाही.

मला फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं. सुधीर म्हणायचा, "बॉलकडे काय बघतेस? बॉल काय, लहान मूलही बघतं. भाऊंकडे बघ." मग मी बघायला लागले. त्यांची मान सारखी फिरती असायची. डावीकडे, उजवीकडे, खांद्यावरून मागे. जिथे काही चाललेलं नाही तिथे ते बघायचे. सुधीरचंही तेच. सुट्टीवर घरी आला की फ्रिजची घरघर ऐकत उभा राहायचा, पंख्याला कान लावायचा. त्याचं काम चोख झालं याची खूण एकच, बोट पोहोचली आणि सांगण्यासारखं काही झालं नाही. त्यामुळेच बहुधा त्याचा भाऊंवर एवढा जीव होता.

त्या ऑगस्टमध्ये तो बोटीवर गेला. आमच्याकडे "जातो" म्हणत नाहीत, "येतो" म्हणतात. बोटवाल्यांच्या घरी तर उंबरठ्यावर "जा" हा शब्द कुणी तोंडातूनही काढत नाही. तो म्हणाला, "येतो. भाऊंवर लक्ष ठेव. मॅच बघून मला मेल करायचा, स्कोअर नको, भाऊ कसे खेळले ते." मी म्हटलं, "बरं." एवढंच झालं.

आणि पौर्णिमेला मी नारळ घेऊन चांगीच्या किनाऱ्यावर गेले.

माझं माहेर हर्णैचं. आमच्या घरात कुणी मासेमार नव्हतं, वडील शाळेत क्लार्क होते. पण नारळी पौर्णिमेला बंदरावर जायचं ते सगळ्यांनी. दर्याला सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ द्यायचा आणि म्हणायचं, बाबा, आता शांत हो, आमची माणसं तुझ्या अंगावर आहेत. लग्न करून बोटवाल्याच्या घरात आले आणि मग सिंगापूरला, तरी हे सोडलं नाही. बाकी देवधर्म मी बेताचाच करते, पण हा एक व्यवहार चोख ठेवला होता.

सायली बरोबर होती आणि तिचा जीव 'कचरा टाकल्यास दंड' अशा पाटीत अडकला होता. "आई, कॅनॉट थ्रो लाह. लेटर गॉट फाइन."

"नारळ म्हणजे कचरा नाही."

"यू टेल द पुलीस, ओके?"

मी इकडेतिकडे बघून नारळ सोडला. थोडा आत गेला आणि लाटेबरोबर डुलत परत माझ्या पायाशी आला. मी पुन्हा सोडला, तो पुन्हा आला. सायली हसत सुटली, "आई, ही डोन्ट वॉन्ट." मला आपल्या कर्तव्याचा चेव आला. सलवार गुडघ्यापर्यंत वर धरून मी पाण्यात शिरले आणि नारळ जोर लावून लांब ढकलला. या वेळी तो गेला. दूर नांगरलेल्या बोटींच्या रांगेकडे बघत मी मनापासून म्हटलं, शांत हो.

सप्टेंबर संपता संपता सावंतवहिनी भेटल्या. त्यांचे यजमान कॅप्टन. पाया लेबारला एका मॉलमध्ये आम्ही चहा घेत होतो. त्या दिवसांत एडनच्या आखातात बोटी पळवण्याच्या बातम्या रोज येत होत्या, आणि सुधीरची बोट त्याच वाटेने सुएझकडे जायची होती. मी म्हटलं, निदान मान्सून ओसरतोय, समुद्र शांत होईल, काळजी कमी.

वहिनींनी कप खाली ठेवला. "अगं, तेच तर. खवळलेल्या समुद्रात त्या चाच्यांच्या होड्या निघतच नाहीत. एवढ्याएवढ्याशा होड्या त्या, लाटांत उलटतील. समुद्र शांत झाला की त्यांचा हंगाम सुरू. हे म्हणतात, आता पाणी तेलासारखं पडलंय, आता खरं भय."

त्या पुढे काहीतरी बोलत होत्या. मला समोरच्या काचेत माझा चेहरा दिसत होता आणि गुडघ्यापर्यंतच्या पाण्याचा गारवा पुन्हा पायांना लागत होता. समुद्र दोनदा नको म्हणाला होता. तिसऱ्यांदा मी त्याला भाग पाडलं होतं.

मला कोणी सांगायला नको की समुद्र नारळाने शांत होत नाही. वारे कसे फिरतात ते मी शाळेत शिकले आहे. पण भीतीला शाळा नसते. लिफ्टमध्ये, एमआरटीच्या गाडीत, भात परतताना, मला एकच दिसायचं, एक सपाट चकचकीत पाणी आणि त्याच्यावरून सुधीरच्या दिशेने येणारी बारीक रेघ. आयुष्यभर ज्या गोष्टीसाठी हात जोडले, तिचीच धास्ती बसली. हवामानाच्या बातम्यांत अरबी समुद्र शांत म्हणाले की मी टीव्ही बंद करायची. मी चक्क वादळ मागायला लागले, आणि मागताना पुन्हा दचकायचे, की वादळात तरी तोच माणूस आहे ना.

ऑफिसात कुणाला काही कळलं नाही. त्या शरदात रॅफल्स प्लेसला सगळेच घाबरलेले होते. बँका कोसळत होत्या, रोज कुणीतरी पुठ्ठ्याचा खोका छातीशी धरून लिफ्टमधून खाली जात होतं. इतक्या पांढऱ्याफटक चेहऱ्यांत माझा एक खपून गेला.

शनिवारी संध्याकाळी मी सायलीला घेऊन खाली कॉफी शॉपमध्ये जायला लागले. घरात टीव्ही होता, पण घरातली शांतता सोसवत नव्हती. पेयांच्या स्टॉलवर तान अंकल होते, साठीचे, कायम बनियनमध्ये. त्यांच्या फ्रिजच्या दारावर भाऊंचा वर्तमानपत्रातून कापलेला फोटो होता. मला बघितलं की कोपी, म्हणजे इथली कॉफी, ओतता ओतता म्हणायचे, "युअर फ्रेंच ब्रदर टुडे प्ले. गोल कॅनॉट स्कोअर, बट पास हिम ऑल्सो कॅनॉट." मी नेहमीच्या खुर्चीवर बसायची. ती रिकामी नसेल तर रिकामी होईपर्यंत उभी राहायची. भाऊ उभे आहेत तोवर तिकडे सगळं ठीक आहे, असं माझ्या मनाने मला न विचारताच ठरवून टाकलं होतं.

त्या एका शनिवारी मॅच बरोबरीत चालली होती. शेवटची काही मिनिटं. समोरच्या संघातल्या एकाने कडेवरून बॉल आत मारला. भाऊंची मान फिरली, त्यांनी बघितलं, धावले, आणि जिवाच्या आकांताने घसरत पाय घातला. बॉल त्यांच्या नडगीला लागून त्यांच्याच जाळ्यात गेला.

मग टीव्हीवर तेच पुन्हा सावकाश दाखवायला लागले, आणि कॉमेंटेटर म्हणाला की यांनी पाय घातला नसता तर बॉल बाहेरच जात होता. त्यांनी काही केलं नसतं तर काहीच झालं नसतं.

मी कप खाली ठेवला आणि उठायला लागले. सायलीने माझ्याकडे बघितलं आणि तिचा छोटा हात माझ्या मनगटावर ठेवला.

मागच्या टेबलावरून कुणीतरी ओरडलं, "ओल्ड ऑलरेडी! आस्क हिम गो होम लाह!" इतकी वर्षं ज्यांच्या नावाने टेबलं बडवली त्यांना लोक शिव्या घालत होते. तान अंकलनी फ्रिजवरचा फोटो काढला आणि गल्ल्याखाली सरकवला. ते मला शिव्यांपेक्षा लागलं.

टीव्हीत भाऊ गवतावर बसून होते. मग उठले. जाळ्यात गेले. बॉल स्वतः उचलला, मैदानाच्या मधोमध नेऊन ठेवला आणि कुणाकडे न बघता परत आपल्या जागेवर जाऊन उभे राहिले. मान फिरायला लागली, डावीकडे, उजवीकडे.

घरी येऊन मी सुधीरला मेल केला. नारळाचं काही लिहिलं नाही; तेवढ्या लांब असलेल्या माणसाच्या डोक्यावर बायकोचं वेड कशाला ठेवा. फक्त लिहिलं, भाऊंनी आज ओन गोल केला, वाचवायला गेले आणि घात झाला. मग बॉल उचलला, मध्ये ठेवला आणि परत आपल्या जागेवर उभे राहिले. दुसऱ्या दिवशी त्याचं एका ओळीचं उत्तर आलं: आता काही दिवस मेल बंद, कंपनीचा हुकूम आहे, काळजी करू नको.

बोट एडनच्या आखातात होती ते काही दिवस कसे गेले ते मला नीट आठवत नाही, तुकडे आठवतात. फोनची घंटा वाजली की मी हातातलं टाकून धावायची. सायली अभ्यासाला बसायची आणि पानं उलटायची नाहीत. एकदा तिने विचारलं, "आई, बाबा'ज शिप फास्ट ऑर नॉट?" मी म्हटलं, "बाबा आहेत ना इंजिनवर, मग फास्टच." ती म्हणाली, "हाऊ फास्ट?" अंघोळीची बादली भरताना पाणी स्थिर व्हायला लागलं की मी हात घालून ढवळायची.

पुढच्या शनिवारी भाऊंना खेळवतील की नाही हीच चर्चा होती. खेळवलं. त्यांच्या पायाला बॉल लागला की त्यांच्याच क्लबचे चाहते शिट्ट्या मारत होते, हुर्यो करत होते. मी फोन मांडीवर घेऊन बसले होते आणि बॉलकडे एकदाही बघितलं नाही. भाऊंची मान फिरत होती. त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती, मला ती स्पष्ट दिसली, कारण ती कशी दिसते हे मला तेव्हा रोज आरशात कळत होतं. घाबरलेला माणूस जागेवर उभा राहू शकतो हे मी प्रथम बघितलं. मॅच शून्य-शून्य संपली. काही झालं नाही.

फोन आला तो ऑफिसात. लांबलचक नंबर, आधी नुसती खरखर, मग आवाज. "काही झालं नाही," सुधीर म्हणाला. "आलो बाहेर. भाऊ खेळले का?"

मी जिन्यात जाऊन हमसून हमसून रडले. शेजारच्या टेबलावर बसणारी चिनी मैत्रीण मेलिंग मागोमाग आली. तिला वाटलं, माझीही नोकरी गेली. टिश्यूचं पाकीट हातात देऊन, पाठीवर थोपटत ती म्हणाली, "नेव्हर माइंड लाह. यू विल फाइंड अनदर वन." मला इतकं हसू आलं की ती घाबरून दोन पायऱ्या मागे सरकली.

खरं काय झालं ते सुधीर घरी आल्यावर कळलं. जेवताना, आमटी वाढून घेता घेता, त्याने सांगितलं. दोन होड्या आल्या होत्या. पाणी आरशासारखं सपाट होतं, त्यामुळे वरच्या माणसाला त्या फार लांबून दिसल्या. लाटा असत्या तर जवळ येईपर्यंत कळलं नसतं, असं कॅप्टन म्हणाला. ब्रिजवरून, म्हणजे बोट चालवतात त्या वरच्या खोलीतून, खाली फोन आला, आणखी स्पीड द्या. सुधीरने दिला. होड्या काही वेळ मागे आल्या आणि मग मागेच राहिल्या.

मग मी त्याला नारळाचं सांगितलं. वाटलं होतं, हसेल.

तो हसला नाही. म्हणाला, "मी खाली होतो गं. वर समुद्र शांत होता की खवळलेला, मला काय दिसणार? मला फक्त फोन वाजलेला ऐकू आला. घाबरलो होतो मी. माझा थर्ड इंजिनियर, केरळचा मुलगा, तो तर रडायलाच लागला. मग मी त्याला तुझा मेल सांगितला. बॉल उचलला, मध्ये ठेवला, परत जागेवर. तेच म्हणत होतो आम्ही दोघं. मोठ्याने. इंजिनाच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार होतं?"

भाऊ त्यानंतर आणखी काही मोसम खेळले. शिट्ट्या हळूहळू थांबल्या आणि पुन्हा त्यांच्या नावाचं गाणं सुरू झालं. लोकांचं प्रेम असं जातं आणि येतं, आणि येताना आपण कुठे गेलो होतो हे सांगत नाही. तान अंकलनी फोटो पुन्हा चिकटवला, एक कोपरा फाटला होता तिथे टेप लावून. भाऊ निवृत्त झाले त्या दिवशी टीव्हीवर त्यांची कारकीर्द दाखवली. आयुष्यभरात केलेले मोजके गोल दाखवले आणि तो ओन गोल दाखवला. जे गोल त्यांनी होऊ दिले नाहीत ते कसे दाखवणार? सुधीर उठून पाणी प्यायला गेला.

आता भाऊ इथल्या चॅनेलवर कधीमधी तज्ज्ञ म्हणून दिसतात, केस पिकले आहेत. सुधीरने बोट सोडली. हॉलमधली निळी बॅग सायलीची आहे. ती मरीन इंजिनियर झाली, बापाच्या वाटेने गेली, आणि या आठवड्यात बोट जॉइन करते आहे. वाट तीच, एडनवरून सुएझकडे. हल्ली त्या समुद्रात भय होड्यांचं नाही, आकाशातून येणाऱ्या ड्रोनचं आहे. मी बातम्या लावत नाही. सुधीर आतल्या खोलीत आवाज बंद करून बघतो आणि त्याला वाटतं मला कळत नाही.

काल पौर्णिमा होती. आम्ही तिघं चांगीला गेलो. सायलीने नेहमीप्रमाणे पाटी दाखवली, "आई, स्टिल गॉट फाइन, हां." मी नारळावरचा सोनेरी कागद नीट केला आणि पुढे व्हायला लागले, तर सुधीर म्हणाला, "आण इकडे. यंदा मी."

इतकी वर्षं तो नेहमी समुद्राच्या त्या बाजूला असायचा. इकडच्या वाळूवर हातात नारळ धरून तो पहिल्यांदाच उभा होता. त्याने पँट दुमडली, गुडघा धरत पाण्यात शिरला आणि थांबला. पाणी अगदी सपाट होतं. दूर बोटींची रांग लागली होती. त्याने नारळ दोन्ही हातांत धरला, सोनेरी कागद वाजला.

"काय मागायचं असतं?" त्याने मागे न बघता विचारलं. "शांत हो म्हणू, का नको?"

सायली माझ्याकडे बघत होती. दहा वर्षांची असताना माझ्या मनगटावर ठेवला होता तोच हात तिने माझ्या हातात घातला.

मी म्हटलं, "काही मागू नकोस. ठेव तिथे, आणि परत आपल्या जागेवर ये."